आजारातून उठल्यावर गोधडी, पेटी, रांगोळी आणि घरातली मांजर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भागात पावसाळा सरता सरता घरोघरी कुणी ना कुणी तापातून उठत असतं. डेंग्यू, चिकुनगुनिया, स्क्रब टायफस ही नावं आता यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनाही पाठ झाली आहेत. ताप उतरतो, दवाखान्याची फाइल कपाटावर जाते आणि मग एक लांब, रिकामा काळ सुरू होतो. वावरात जायची ताकद नसते आणि नुसतं बाजेवर पडून राहवत नाही. या काळात जुन्या छंदाकडे परत जावंसं वाटतं आणि घरातलं मांजरही तेव्हाच जास्त जवळ येतं, किंवा आधी होतं त्यापेक्षा दूर जातं. ओसरीत गोधडी शिवायला बसलेल्या बायका आणि भजनी मंडळातली माणसं मला याबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधगोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

ताप जाऊन महिना झाला, तरी अंगात जीव नाही. गोधडीले हात कधी लावू?

बसता येत असेल, चक्कर येत नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आजही लावता येईल. प्रश्न किती वेळ बसायचं याचा आहे. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे टिकतो, चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात. हे आळसामुळे होत नाही, हे आधी स्वतःला सांगा आणि मग घरच्यांना.

मी सगळ्यांना एकच माप सांगते : एक दोरा. सुईत हातभर दोरा ओवा, धाव टाका घालत जा आणि दोरा संपला की सुई डबीत ठेवून उठा. अंगात अजून जोर आहे असं वाटत असतानाच उठायचं. शिवताना बरंच वाटतं, त्या वाटण्यावर जाऊ नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. सकाळी अंग नेहमीसारखं असेल, तर पुन्हा एक दोरा. असे काही दिवस नीट गेले की दोन करा. सकाळी अंग मोडल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी कापडाला हात न लावता पडून राहा आणि पुढच्या वेळी दोरा आखूड घ्या. चांगल्या दिवशी अख्खी बाजू शिवून काढायची आणि पुढचे तीन दिवस खाटेवर काढायचे, हे मी फार जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यात गोधडीही पुढे जात नाही आणि माणूसही खचतो.

लकवा, हृदयाचा आजार किंवा आयसीयूतला मुक्काम यातून उठला असाल, तर सुरुवातच फिजिओथेरपिस्टला विचारून करा.

सकाळी बोटं उघडतच नाहीत. सुई कशी धरावी?

सकाळी धरूच नका. चिकुनगुनियाचा आखडलेपणा पहाटे सगळ्यात जास्त असतो आणि ऊन वर आल्यावर, हात वापरात आल्यावर कमी होतो. दहा-अकराच्या सुमारास कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघड-मीट करा, मग बसा.

कापडाची निवड इथे फार महत्त्वाची आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, जुनं धोतर किंवा मऊ पडलेला चादरीचा तुकडा घ्या. नायलॉनच्या साड्या सुईला अडवतात आणि सगळा जोर अंगठ्यावर येतो. चार-पाच थरांची गोधडी आत्ता नको. दोन थरांची लहान दुपटी शिवा, पाळण्यातल्या बाळासाठी कुणाला ना कुणाला ती लागतेच. सुई जरा मोठी घ्या, बोटात अंगुस्तान घाला आणि क्रोशाची सुई असेल तर तिच्या दांड्याला चिंधी गुंडाळून ती जाड करा. जाड दांडा धरायला मूठ कमी आवळावी लागते.

सांधा लाल आणि गरम होऊन सुजत असेल, किंवा महिने उलटूनही दुखणं हलत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. शेजारणीने दिलेली "एका दिवसात गुण येणारी" गोळी घेऊ नका. अशा गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते देखरेखीशिवाय घेणं आणि मनाने अचानक बंद करणं, दोन्ही धोक्याचं आहे.

टीबीचे औषध सुरू आहे. लाल अन् हिरवा दोरा सारखाच दिसून राहिला. चष्मा लागला असेल का?

चष्म्याची वाट पाहू नका, लगेच टीबीच्या दवाखान्यात जाऊन हे सांगा. इथॅम्ब्युटॉल या औषधाचा काही जणांच्या डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो. नजर धूसर होते आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. वेळेत लक्षात आलं आणि डॉक्टरांनी औषध बदललं, तर बहुतेकांची नजर सुधारते. रोज रंगीत दोरे हाताळणाऱ्या माणसाला हा फरक इतरांपेक्षा आधी कळू शकतो, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते आहे. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. आयसोनियाझिडमुळे तसं होऊ शकतं आणि त्यावर बी-6 ची गोळी देतात. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

न्यूमोनियानंतर भजनाला बसलो तर दम लागतो. गाणं सोडावं का?

सोडू नका, खाली आणा. पेटीवर पट्टी उतरवा, उंच जागा सोबतच्या माणसाला द्या, तुम्ही ध्रुवपद धरा. पहिले काही दिवस नुसतं गुणगुणणं आणि टाळ पुरे. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर चालतात आणि खंजिरी हलकी असते, पण हात वर धरून सतत वाजवली तर तीही थकवते. कोपर मांडीवर टेकवा. बोलताना वाक्य पूर्ण होईना इतका दम लागला, छातीत दुखलं किंवा ओठ निळसर दिसले, तर भजन थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

रांगोळी काढायला वाकवत नाही.

वाकू नका. पाटावर बसून ताटात किंवा पाटीवर काढा. दारात सडा-रांगोळी दुसऱ्या कुणी घातली तर काही बिघडत नाही.

हात चालतात, पण मनच लागत नाही. आधी आवडायचं ते आता नकोसं झालं.

मोठ्या आजारानंतर हे खूप जणांना होतं आणि खेड्यात ते कुणी उघड बोलत नाही. पडून असताना मनात साठलेली भीती, झालेला खर्च, गेलेला हंगाम हे सगळं ताप उतरल्यावर वर येतं. छंदाने काही जणांना उभारी येते, पण छंद हा उपचार नव्हे. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, झोप आणि भूक गेली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर 14416 वर फोन करा. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा 2022 पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आमच्या विदर्भाने कापसाच्या पट्ट्यात घराघरांतून काय गमावलं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कळकळीने सांगते, हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मन जरा सावरल्यावर शेवट ठरलेलं लहान काम निवडा. मुली जिची गाणी म्हणतात ती भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. तेवढ्या महिन्यात रोज एक गाणं आठवून वहीत उतरवणं, हे एका आजींनी आजारपणानंतर केलं. गाणी त्यांच्या नातीलाही येत नव्हती, आता वही आहे.

निंदायला जात नाही अन् चिंध्या घेऊन बसते, असं घरचे बोलतात. काय सांगू त्यांना?

हा प्रश्न बायकाच विचारतात. पुरुष आजारातून उठून पारावर पत्ते खेळला तर त्याला विश्रांती म्हणतात.

घरच्यांना सांगा की हाताला, बोटांना आणि मनाला पुन्हा कामाची सवय लावण्याचं एक शास्त्र आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात आणि नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात त्याचं रीतसर शिक्षण दिलं जातं. रोजच्या जगण्यातली हातांची कामं हाच या उपचाराचा पाया आहे. बसून सुई चालवता येते म्हणून चार तास वाकून निंदता येईल, असं होत नाही. ती दोन वेगळी कष्टं आहेत. हे डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांनी ऐकलेलं बरं, म्हणून पुढच्या तपासणीला नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा.

आणि एवढंही म्हणते : कुणी काही म्हणो, तुम्हाला शिवावंसं वाटतं एवढं कारण पुरे आहे.

दवाखान्यातून घरी आले तर मांजर ओळखच दाखवेना. जवळ घ्यायला गेले तर फिसकारते. काहून?

मांजर माणसाला बरंचसं वासावरून ओळखते. तुम्ही घरी आलात ते स्पिरिट, साबण, औषध आणि परक्या चादरींचा वास घेऊन. चाल मंदावलेली, आवाज खोल गेलेला, कधी हातात काठी आणि खोलीत नवी खाट. तिच्या लेखी घरात कुणी अनोळखी आलं आहे. ती रागावलेली नाही आणि तुम्हाला विसरलेलीही नाही. तिला थोडे दिवस द्या.

तिच्या मागे जाऊ नका. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी, जमेल तर खालीच, सतरंजीवर बसा. मांडीवर किंवा शेजारी तुमची जुनी, न धुतलेली गोधडी असू द्या, तिला तुमचा आधीचा वास असतो. हातात काम घ्या, म्हणजे तुमची नजर तिच्यावर रोखलेली राहणार नाही. ती समोर येऊन बसली तर तिच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. 2020 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरं तशीच उत्तरं देतात आणि अनोळखी माणसाजवळही जास्त येतात, असं त्यांना दिसलं.

मग एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर पुढे धरा आणि थांबा. तिने वास घेऊन गाल घासला, की गालावर, हनुवटीखाली, कानामागे खाजवा. तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, तुमच्या हाताला ती आपला वास लावते आहे. पोटाला आणि शेपटीच्या बुडाला हात लावू नका. शेपटी जोरात हलू लागली, कान मागे गेले किंवा पाठीची कातडी थरथरली, की हात काढून घ्या. थोडक्यात थांबलात तर ती उद्या लवकर येईल. रोजच्या एका दोऱ्याच्या वेळातच हे सगळं होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. अशक्त माणसाला मांजरीशी मैत्री जमते ती यामुळेच. तिला पळवावं लागत नाही, फिरवावं लागत नाही, आपण एका जागी शांत बसलेलंच तिला आवडतं.

शिवायला घेतलं की नेमकी गोधडीवरच येऊन बसते.

ऊब आहे, मऊ आहे, तुमचा वास आहे आणि तुमचं सगळं लक्ष तिथेच आहे. ती आणखी कुठे बसणार? तिच्यासाठी त्याच कापडाचा एक तुकडा दुमडून तुमच्या मांडीला लागून ठेवा. उचलून तिथे ठेवा, पंज्याने मळायला लागली की जिंकलात. हाकलून दिलं तर ती पुन्हा येते आणि ओरडलं तर तुम्हीच थकता.

दोऱ्याशी खेळते, गंमत वाटते. खेळू द्यावं का?

नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी हे उत्तर विसरू नका.

मांजरीच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. एकदा तोंडात गेलेला दोरा तिला सहज थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडं पुढे ढकलत राहतं आणि दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं. दोरा आतड्याला कापत जातो. मागे सुई असेल तर आणखी वाईट. यावर ऑपरेशन हाच उपाय बहुतेक वेळा उरतो आणि आपल्या खेड्यांत ते वेळेत मिळणं कठीण.

म्हणून उठताना सुया मोजून झाकणाच्या डबीत ठेवा. रिळं, लोकर, गोंडे, रिबिनी डब्यात. कापलेल्या दोऱ्यांचे तुकडे जमिनीवर टाकू नका, शेजारी वाटी ठेवा. आजारपणात हात थरथरतो आणि सुई निसटते, तेव्हा डबीत एक लोहचुंबक असू द्या.

तरीही दोरा गिळला आणि टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसलं, तर ओढू नका. ओढल्याने आतलं आतडं फाटू शकतं. खाऊ घालू नका, तेल पाजू नका, तशीच डॉक्टरांकडे न्या. वारंवार उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात आखडून बसणं ही लक्षणं असतील तर दोरा दिसला नाही तरी न्या.

खेळायला तिला कागदाचा मोठा बोळा, रिकामं खोकं किंवा कापूस बाहेर दिसत नाही अशी घट्ट शिवलेली चिंध्यांची गुंडी द्या.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवतो. रंगाचं काही भेव आहे का?

ऑइल पेंट आणि टर्पेन्टाइन मांजरीच्या अंगाला लागलं तर ती ते चाटते आणि विषबाधा होते. ओला नंदी बंद खोलीत वाळवा. अंगाला लागलंच तर टर्पेन्टाइनने पुसू नका, तेवढे केस कापा आणि डॉक्टरांना दाखवा. आजारातून उठलेल्या माणसाच्या छातीलाही तो वास चांगला नाही, पाण्यात कालवायचे रंग घ्या.

मांजरीला ताप वाटतो. घरातली तापाची अर्धी गोळी दिली तर चालेल?

अर्धी पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला हे औषध नीट मोडता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहायची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आजारपणाच्या घरात या गोळ्या उशाशीच पडलेल्या असतात, त्या डब्यात बंद ठेवा. आपल्या दुखण्याच्या इतर गोळ्याही तिला नकोत. बैलाच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडाचं औषधही तिच्या अंगाला लावायचं नाही. त्यातली परमेथ्रिनच्या जातीची औषधं मांजरीला सोसत नाहीत.

मांजरीमुळेच आजार आला, सोडून द्या, असं सगळे म्हणतात.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया एडिस डासामुळे होतात, तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. स्क्रब टायफस गवत-झुडपातल्या अगदी बारीक किड्याच्या, चिगरच्या चाव्याने होतो. टीबी माणसाकडून माणसाला हवेतून येतो. यात मांजरीचा दोष नाही. टाकी आठवड्याला घासा, सांदवाडीतलं गवत काढा.

दमा असेल तर मात्र विचार करावा लागतो. मांजरीच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने काहींना त्रास वाढतो. तिला निजायच्या खोलीत आणि अंथरुणात येऊ देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

केमो सुरू आहे, सून गरोदर आहे. मांजर ठेवावी का?

ठेवता येते, कामं वाटून घ्या. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजरीच्या विष्ठेतून येऊ शकतो. बाहेर पडल्यावर तो साधारण 1 ते 5 दिवसांनी लागण करण्याजोगा होतो. म्हणून तिची विष्ठा रोजच्या रोज साफ करायची आणि ते काम गरोदर बाईने किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने करायचं नाही. परसबागेतल्या मातीत हात घातल्यावर साबणाने धुवा, मांस कच्चं खाऊ नका आणि मांजरीलाही कच्चं देऊ नका.

चावली किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, कातडीत द्यायच्या पद्धतीत ती 0 (म्हणजे पहिल्या लशीचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात. एकही तारीख चुकवायची नाही. पाळलेली, ओळखीची मांजर आहे म्हणून टाळू नका.

दूध-भाकर खाते. पुरते का?

पुरत नाही. मांजरीला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतूनच येतं. ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. वावरात उंदीर धरणारी मांजर आपली गरज थोडीफार भागवते, घरात बसणारी नाही. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन किंवा मासा, मीठ-कांदा-लसूण न घालता द्या. कांदा-लसूण तिच्या रक्ताला घातक आहे. माळकरी घरात मांस शिजत नसेल तर मांजरीचं तयार खाद्य आणा, त्यात टॉरिन घातलेलं असतं.

उन्हाळ्यात काय करायचं? गोधडी तर उन्हाळ्यातच शिवली जाते.

खरं आहे, तेव्हाच वावर रिकामं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली मांडीवर गोधडी घेऊन बसणं अशक्त माणसाला झेपणार नाही. उन्हाळ्यात सकाळचा आखडलेपणा कमी असेल तर सात ते नऊ बसा, नाहीतर संध्याकाळी अंगणात. मांजरीसाठी दोन-तीन जागी पसरट भांड्यात पाणी ठेवा. ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर तिला लू लागली आहे. सावलीत नेऊन ओल्या कापडाने पुसा आणि डॉक्टरांना फोन करा.

आमच्याकडे डॉक्टर गाई-म्हशींचाच. मांजर कुठे न्यावी?

जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, रेबीजच्या लशीची चौकशी तिथेच होते. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फुकट नंबर आहे. ऑपरेशनसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या वयात करून घ्या. मांजरीचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि अशक्त माणसाला दर हंगामाला पिलांचं करणं होत नाही. नेताना झाकणाच्या टोपलीत तुमचं वापरलेलं कापड घाला आणि वरून ओढणी बांधा.

पुन्हा भरती व्हावं लागलं तर तिचं काय?

बरं असतानाच शेजारच्या एका माणसाशी बोलून ठेवा. घर न हलवता, तुमच्याच ओसरीत त्याने दोन वेळ खायला घालावं, कारण मांजर नव्या घरात थांबत नाही, परत यायला निघते आणि रस्त्यात हरवते. तुमचं एक न धुतलेलं पातळ तिच्या जागेवर ठेवा. खाण्याची पिशवी, 1962 हा नंबर आणि लशीचा कागद एकाच डब्यात ठेवून तो डबा त्या माणसाला दाखवा. निघताना शिवणाची डबी बंद आहे की नाही, ते कुणाला तरी पाहायला सांगा.